झाडे, थंडी आणि आपले हवापाणी



वैशाखातल्या अशा उकाड्यात, निमंत्रणपत्रिकेनेच वारा घेत बसलेल्या मंडळींपुढे थंडीवर बोलायला उभे राहणे हे जरा धाडसाचेच आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'झाडे आणि थंडी' असे कळविले. त्यावर, "मग आपले व्याख्यान पौषात ठेवू या का?" असा त्यांचा उलट निरोप आला. विनोद बाजूला ठेवला तरी आमचे म्हणणे असे की, थंडीचा विचार करण्याची वेळ वैशाख हीच आहे. पौषात कडाका पडतो तेव्हा करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. आता थोड्याच दिवसांत मृग लागेल. आपल्यापैकी कोणी बांधावर, कोणी परसात, कोणी बंगल्यापुढच्या चार हात जागेत झाड लावील. ते झाड पुढच्या पौषात जगणार की जाणार, हे बहुतांशी त्या मृगातच ठरून जाते.

आम्ही जन्मभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविले. पण आजचा विषय आम्हांला पुस्तकाने शिकविला नाही, एका चुकीने शिकविला. ती चूक आमची स्वतःची असल्यामुळे तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आमचा मळा निफाड तालुक्यात आहे. तो आमचे थोरले बंधू पाहतात. आम्ही सुट्टीत जाऊन फक्त सल्ला देणारे. २०१८ च्या उन्हाळ्यात दादांनी सहाशे पपया लावायचे ठरविले आणि कोणते वावर घ्यावे हे आम्हांला विचारले. वरचे वावर मुरमाड आणि उताराचे, खालचे ओढ्याकाठचे, पोयट्याचे आणि कसदार. आम्ही माती पाहिली, पाणी पाहिले आणि खालचे वावर सांगितले. आमच्या काकू ओसरीवर गहू निवडीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे बाबा, त्या खालच्या वावरात थंडी साचती. तुझ्या आजोबांनी तिथं कधी वांगंसुद्धा लावलं नाही." थंडी काय पाणी आहे साचायला, असे आम्ही मनात म्हटले. वडीलधाऱ्या माणसाचा मान म्हणून तोंडाने काही बोललो नाही, इतकेच.

दादांनी चारशे झाडे खाली लावली. उरलेली दोनशे, जागा पुरली नाही म्हणून वर लावली. त्याच डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निफाडचा पारा दोन अंश सेल्सियसच्या आसपास उतरला. सकाळी जाऊन पाहतो तो खालच्या वावरातल्या गवतावरचे दंव गोठून पांढरे झालेले. ऊन वर आले तशी पपयांची पाने उकडलेल्या भाजीसारखी मलूल झाली, आणि दोन दिवसांत काळी पडली. आठवड्याभरात फळांनी माना टाकल्या. खालची चारशे झाडे गेली. वरच्या दोनशे झाडांची शेंड्याची पाने करपली, पण फळ राहिले आणि बाजारात गेले. दोन वावरांत अंतर दोनशे पावलांचे, आणि उंचीतला फरक फार तर पंधरा फुटांचा. त्या पपईवर दादांनी सोसायटीचे कर्ज काढले होते. ते फेडायला तीन हंगाम गेले. दादांनी आम्हांला कधी एका शब्दाने बोल लाविला नाही. "पुढच्या वेळी काकूंना विचारू," एवढेच ते म्हणाले.

आता काकूंचे म्हणणे शास्त्राच्या भाषेत काय होते ते पाहू. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि थंड होते. तिला टेकलेली हवाही थंड होते. थंड हवा जड असते. जड हवा पाण्यासारखीच उताराने खाली वाहत जाते आणि खोलगट जागी तळे करून राहते. थंडी खरोखरच साचते. तिला बांध घातला, म्हणजे उताराच्या खालच्या बाजूस दाट कुंपण लाविले, तर ती पाण्यासारखीच तुंबते. आणि वेधशाळेचा तापमापक हा जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, झडपांच्या पेटीत असतो. पेटीत दोन अंश असतील तेव्हा उघड्या गवताच्या पात्यावर त्याहून तीनचार अंश कमी, म्हणजे शून्याच्या खाली, असू शकतात. वर्तमानपत्रातला आकडा दोन आणि आमच्या वावरात मात्र बर्फ, या कोड्याचा उलगडा हा असा आहे.

थंडीने झाड मरते म्हणजे नेमके काय होते? पुष्कळांची समजूत अशी की, पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो आणि बाटली फुटावी तशी पेशी फुटते. बहुधा तसे होत नाही. थंडी हळूहळू वाढत गेली तर बर्फ आधी पेशींच्या बाहेर, पेशींमधल्या पोकळीत धरतो. पेशीच्या आतला रस साखरेचा व क्षारांचा असल्यामुळे तो इतक्यात गोठत नाही. पण बाहेरचा बर्फ आतले पाणी ओढून घेऊ लागतो. पेशी सुकत जाते, तिचे पटल आक्रसते, आणि एका मर्यादेपलीकडे ते फाटते किंवा निकामी होते. मग ऊन वर आले, बर्फ वितळला, तरी पेशीला ते पाणी धरून ठेवता येत नाही. उकडलेल्या भाजीसारखे दिसते ते यामुळे. गोठून मरणारे झाड बऱ्याच अंशी तहानेने मरते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

जे झाड थंडीला टिकते ते ही तहान सोसण्याची तयारी आधीपासून करून ठेविते. उत्तरेकडच्या देशांतली झाडे शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की इशारा ओळखतात. ती वाढ थांबवितात, कळ्या बंद करतात, पेशीत साखर साठवितात, पेशीपटलातल्या स्निग्ध द्रव्याची घडण बदलतात, म्हणजे थंडीतही ते पटल ताठरत नाही. ही तयारी किती दूर जाऊ शकते याचा दाखला जपानात मिळाला. होक्काइडो विद्यापीठातले अकिरा साकाई यांनी १९५० च्या दशकात तुतीच्या आणि वाळुंजाच्या हिवाळी काड्या घेतल्या, आधी त्या सावकाश गोठविल्या आणि मग द्रवरूप नायट्रोजनात, म्हणजे शून्याखाली १९६ अंशांत, बुडविल्या. बाहेर काढल्यावर त्या जिवंत निघाल्या. त्याच झाडाची कोवळी उन्हाळी फूट मात्र शून्याच्या खाली थोडे अंश गेले तरी मरते. तेव्हा अमुक झाड इतकी थंडी सोसते, हे वाक्य नेहमी अपुरे असते. कोणत्या महिन्यात, कोणत्या तयारीनंतर, हे पुढे विचारलेच पाहिजे. अवेळी आलेली चार अंशांची थंडी वेळेवर आलेल्या वीस अंशांच्या थंडीपेक्षा अधिक झाडे मारते, ती याच कारणाने.

पण ही झाली थंड देशच्या झाडांची गोष्ट. आपल्याकडची पुष्कळ लाडकी झाडे बाराही महिने उबदार असणाऱ्या मुलखातली आहेत. केळ आग्नेय आशियातली, पपई मध्य अमेरिकेकडची, काजू ब्राझीलकडचा. यांच्या कुळाला कधी बर्फ पाहावा लागला नाही. त्यामुळे त्यांच्याजवळ ती शरदातली तयारीच नाही. त्यांना मारायला बर्फ लागतही नाही. जळगाव जिल्ह्यातल्या केळीवाल्यांना हे सांगायला नको. रात्रीचे तापमान दहाबारा अंशांच्या खाली गेले की केळीची वाढ थांबते, पाने पिवळी पडतात, आणि नेमका त्या दिवसांत घड बाहेर पडायचा असेल तर तो खोडाच्या गळ्यातच अडकतो. तिथे बर्फाचा मागमूस नसतो. पण खानदेशच्या शेतकऱ्याने केळ सोडली नाही. त्याने वेळ आणि आडोसा यांची निवड केली. मृगबाग कधी लावायची, कांदेबाग कधी, याचे ठोकताळे बसविले आणि बागेभोवती वारा अडविणारी शेवरी उभी केली. झाड बदलता येत नसेल तर वेळ बदलावी, हे शहाणपण त्याने पदरचे पैसे मोडून मिळविलेले आहे.

इथे एक मोठा प्रश्न येतो. झाडाला थंडी शिकविता येते का? आज मऊ असलेले झाड लाडीगोडीने किंवा शिस्तीने कणखर करता येईल का? हा प्रश्न नुसता बागवानीचा राहिला नाही, त्यापायी माणसे तुरुंगात गेली, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

रशियात इवान मिचुरिन नावाचे एक फळबाग तज्ज्ञ होऊन गेले. जन्म १८५५, मृत्यू १९३५. त्यांचा मुलूख तांबोव प्रांतातला, कडाक्याच्या हिवाळ्याचा. चांगले सफरचंद आणि नासपती दक्षिणेकडे पिकत. मिचुरिन यांनी आरंभी त्या काळच्या एका प्रचलित मताप्रमाणे दक्षिणेकडच्या नाजूक जाती आणून कणखर खुंटांवर कलमे बांधली. खुंटाच्या संगतीने कलम थंडी शिकेल, ही आशा. काही सौम्य हिवाळे गेले, झाडे वाढली, आशा वाढली. मग एक खरा हिवाळा आला आणि बाग साफ झाली. असे होता होता आयुष्याची कित्येक वर्षे गेली. शेवटी त्यांनी तो मार्ग सोडला. अतिपूर्वेकडच्या उसुरी प्रदेशातली रानटी, पण थंडीला पक्की अशी नासपती घेतली, तिचा दक्षिणेकडच्या गोड जातीशी संकर केला आणि रोपे मुद्दाम हलक्या, रेताड जमिनीवर वाढविली. हिवाळ्याने मारली ती मरू दिली, राहिली त्यांतून निवड केली. शिकवणी सोडून निवड धरली तेव्हा फळ हाती आले.

दुर्दैव असे की, मिचुरिन यांच्या मृत्यूनंतर त्यांचे नाव भलत्यानेच वापरले. ट्रोफिम लिसेंको यांनी १९२९ पासून गव्हाच्या बियाण्याला थंडी देण्याचा मोठा गाजावाजा केला. ओले बी थंडीत ठेवून पेरले तर हिवाळी गहू वसंतात पेरूनही ओंबीवर येतो. ही गोष्ट खरी आहे, आणि त्यांच्या आधीपासून माहीत होती. पण अशा शिकवणीने गव्हाचा स्वभावच बदलतो आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो, असे त्यांनी सांगितले, ते खोटे होते. ज्यांनी ते खोटे म्हटले त्यांत निकोलाय वाविलोव होते. जगभर हिंडून पिकांची बियाणी गोळा करणारा, कोणते पीक कोणत्या मुलखात जन्मले याचा शोध लावणारा हा थोर शास्त्रज्ञ. त्यांना १९४० मध्ये पकडले गेले आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. १९४८ मध्ये तर त्या देशात अनुवंशशास्त्र शिकविणेच बंद झाले. झाडाला जे ऐकायचे नाही ते सत्तेने सांगितले म्हणून ते ऐकत नाही, पण त्याची किंमत माणसाला द्यावी लागली.

तेव्हा या प्रश्नाचे उत्तर असे. झाडाच्या अंगी जेवढी तयारी मुळातच आहे तेवढी हळूहळू थंडी दाखवून जागी करता येते. रोपे हरितगृहातून एकदम उघड्यावर न नेता आठदहा दिवस बाहेरची हवा दाखवितात ती त्यासाठी. पण जी तयारी त्याच्या कुळातच नाही ती एका झाडाला आयुष्यात शिकविता येत नाही. ती संकराने आणि निवडीने, पिढ्यांच्या हिशेबाने येते. आपल्यासारख्या सामान्य माणसाच्या हाती राहते ती निवड.

मग निवड कशी करावी? अमेरिकेत यासाठी नकाशे करतात. हार्वर्डच्या आर्नल्ड उद्यानातले आल्फ्रेड रेडर यांनी १९२७ मध्ये झाडाझुडपांच्या ग्रंथात थंडीचे पट्टे दाखविणारा नकाशा दिला. पुढे १९६० मध्ये तिथल्या शेतकी खात्याने सरकारी नकाशा काढला. सध्याचा २०२३ चा आहे. त्यात १३ पट्टे आहेत. प्रत्येक ठिकाणी वर्षातली जी सर्वांत थंड रात्र, तिच्या ३० वर्षांच्या सरासरीवर ते बेतलेले आहेत. रोपवाटिकेतल्या झाडाच्या चिठ्ठीवर पट्ट्याचा आकडा असतो. आपल्या गावाचा आकडा पाहावा आणि झाड घ्यावे, इतके ते सोपे. आपल्याकडे देशाचे १५ आणि महाराष्ट्राचे ९ कृषिहवामान विभाग पाडलेले आहेत. पण ते मुख्यतः पाऊस, माती आणि पिके यांच्या अंगाने. आपल्या गावची सर्वांत थंड रात्र किती अंशांची, हे रोप विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारीत नाही.

मात्र नकाशाचा आकडा म्हणजे सर्व काही नव्हे. झाड थंडीने मरणार की नाही एवढेच तो सांगतो. थंडीवाचून ते उपाशी राहील का, हे सांगत नाही. हे दुसरे अंग आपल्या महाराष्ट्राला अधिक लागू आहे.

सफरचंदाचे उदाहरण घेऊ. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी शिमल्याजवळच्या कोटगढ भागात १९१६ मध्ये डेलिशस जातीची कलमे लाविली आणि त्यातून हिमाचलाची सफरचंदाची शेती उभी राहिली. तेच झाड नाशकात आणून लाविले तर आपल्या थंडीने ते मुळीच मरणार नाही. आपली थंडी त्याच्या खिजगणतीत नाही. पण त्याची कळी हिवाळ्यात झोपलेली असते, आणि सात अंशांखालच्या थंडीचे हजारेक तास भरल्याखेरीज ती नीट जागी होत नाही. आपल्याकडे समजा वीस रात्री पहाटेचे चार तास पारा सातच्या खाली राहिला. झाले ऐंशी तास. झाड हजाराचा हिशेब मागते, आपण ऐंशी देतो. मग ते फुटते कुठे, फुलते कुठे, आणि फळ धरीत नाही. झाड जगते, मालक मात्र वाट पाहून थकतो. मेलेले झाड निदान त्याच वर्षी सांगते. उपाशी झाड पाच वर्षे काही बोलत नाही.

याला तोड निघाली तीही निवडीनेच. इस्रायलात 'ॲना' नावाची कमी थंडीत फळणारी जात तयार झाली. आपल्याच देशात हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यात पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी उष्ण, खालच्या मुलखात फळणारे एक झाड हेरले आणि त्याची कलमे केली. 'एचआरएमएन ९९' या नावाने ती जात देशभर गेली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ती लाविली आहे, काहींना फळेही आली आहेत. आम्ही कोणाला नाउमेद करीत नाही. पण आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी एका रोपवाटिकेतून कमी थंडीची म्हणून पन्नास कलमे आणली, आणि पाचव्या वर्षीही ती बिनफुलाची उभी आहेत. कलम खरोखर कोणत्या जातीचे हे काडीवरून ओळखता येत नाही. म्हणून आधी दोन झाडे लावावीत, त्यांना फळ येऊ द्यावे, आणि मग एकराचा विचार करावा. दोन झाडांनी कोणी बुडत नाही.

आंब्याची तऱ्हा याहून सूक्ष्म आहे. कोवळ्या आंब्याला बर्फाची थंडी मारते. उत्तर हिंदुस्थानात लहान कलमांना गवताची खोप करून आग्नेयेची बाजू सकाळच्या उन्हासाठी मोकळी ठेवितात. आणि तरीही आंब्याला थोडी थंडी हवी असते. कोकणात मार्गशीर्ष-पौषात रात्री गार झाल्या तर काडी मोहोरते, उबदार राहिल्या तर तीच काडी पालवी काढते. मग बागायतदाराच्या तोंडचे पाणी पळते. उलट, मोहोर येऊन कैरी धरल्यावर पुन्हा कडाका आला तर झाड दुसऱ्यांदा मोहोरते, आणि त्या मोहोराला रस पुरविण्यासाठी पहिली कैरी गाळून टाकते. थंडी हवी, पण वेळेवर आणि बेताची. समुद्र कोकणाची रात्र सांभाळतो, म्हणून हापूसचा तिथे जीव रमला.

आणि द्राक्ष. मूळ थंड हिवाळ्याच्या मुलखातली ही वेल, तिकडे हिवाळ्यात पाने टाकून झोपते. आपल्याकडे तिला झोपायला पुरेशी थंडी नाही. तेव्हा नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्यांनी वर्षातून दोन छाटण्यांची रीत बसविली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. निसर्गाने द्यायची ती झोपमोड कात्रीने दिली. पण यामुळे झाले असे की, तिकडे वेल थंडीत झोपलेली असते, इकडे ती थंडीत मणी भरीत असते. निफाडला पारा उतरला की वाढ थांबते, मणी तडकतात, हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येऊन भाव पडतो. मग रात्री बागेत शेकोट्या पेटतात आणि पहाटे पाणी सोडले जाते. यातले पाणी सोडणे खरे उपयोगाचे, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक धरून ठेविते. शेकोटीची थोडी ऊब आणि तिने हलविलेली हवा हीही उपयोगी. नुसत्या धुराचा मात्र फारसा फायदा नाही, कारण जमिनीची उष्णता धुरातून निसटून जाते. आणि याच रात्री शेजारच्या वावरातला गहू आणि हरभरा मजेत असतो. थंडी वाईट किंवा चांगली असे नसते, ती कोणाच्या वाट्याला आली हे पाहावे लागते.

आता एक इशारा देऊन शेवटाकडे येतो. थंडी जुळली म्हणजे हवापाणी जुळले असे समजू नये. इंग्रज सरकारने १८६० च्या दशकात निलगिरीवर सिंकोना, म्हणजे कोयनेलचे झाड, लाविले आणि ते तिथे चांगले लागले. त्याच दशकात महाबळेश्वरी लिंगमळ्याला तोच प्रयोग केला. उंची आहे, गारवा आहे, मग अडचण काय, असे वाटले असावे. पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत अचाट कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. बेत फसला आणि सोडून द्यावा लागला. तापमापक एकच गोष्ट सांगतो. पाऊस किती दिवसांत पडतो, वारा कुठून येतो, उन्हाळा किती तापतो, हे झाड स्वतंत्रपणे विचारीत असते.

आणि हल्ली हवामान तापते आहे, आता थंडीची भीती कशाला, असे म्हणणारेही भेटतात. हिवाळे सरासरीने उबदार होत आहेत हे खरे. हिमाचलात सफरचंदाची बाग खालच्या डोंगरातून किन्नौर-लाहौलकडे वर सरकत आहे. अमेरिकेच्या २०२३ च्या नकाशात जवळजवळ निम्मा देश अर्ध्या पट्ट्याने उबेकडे गेला. पण झाड सरासरीने मरत नाही, ते एका रात्रीने मरते. उबदार हिवाळ्यात झाड लवकर जागे होते, आणि मग ती एक रात्र आली तर अधिक नुकसान करते.

तेव्हा येत्या मृगापूर्वी आपण काय करावे? आमचे सांगणे चार गोष्टींपुरते आहे.

पहिली, किमान तापमान टिपून ठेवणारा एक साधा तापमापक घ्यावा. तो वरच्या वावरात एक आणि खालच्या वावरात एक, असा टांगावा आणि सकाळी आकडा वहीत लिहावा. सरकारने महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली आहेत, त्यांचे आकडे जरूर पाहावेत. पण ते केंद्र आपल्या ओढ्याकाठी नाही हे विसरू नये.

दुसरी, झाड घेताना त्याचे मूळ गाव विचारावे. लग्नात आपण सात पिढ्यांची चौकशी करतो आणि तीस वर्षे अंगणात राहणाऱ्या झाडाची करीत नाही.

तिसरी, हिशेब वेगवेगळा ठेवावा. भाजीपाला एका हंगामाचा, त्याला नेहमीचा हिवाळा धरून चालते. फळझाड तीस वर्षांचे, त्याला आपल्या आठवणीतली सर्वांत वाईट रात्र धरून निवडावे. नाजूक झाड लावायचेच असेल तर उताराच्या मधल्या भागावर लावावे, सखल जागी नाही. कुंपणाला खालच्या बाजूस थंड हवा निघून जायला वाट ठेवावी. पावसाळा सरता सरता जादा खत घालून कोवळी फूट काढू नये.

चौथी गोष्ट आमच्या काकूंची. प्रत्येक गावात दंव आधी कुठे पडते, कोणत्या वावरात वांगी टिकत नाहीत, हे ठाऊक असणारी म्हातारी माणसे असतात. त्यांनी ते कुठे लिहून ठेविलेले नाही. ती गेली की ते ज्ञान जाईल, आणि पुढच्या पिढीला तेच ज्ञान पुन्हा चारशे पपया मारून मिळवावे लागेल. त्यांना विचारा आणि त्यांनी सांगितलेले त्याच वहीत लिहून ठेवा.

आमच्या खालच्या वावरात आता दादा रब्बीला गहू आणि हरभरा घेतात. थंडी साचते म्हणून तिथे पीक चांगले येते. वरच्या वावरात पपई आहे. आम्ही गेलो की काकू अजूनही विचारतात, "काय रे, थंडी साचती का नाही?" आम्ही "साचते" म्हणतो.